राष्ट्रपतिपदाची निवडणूक : जिथे उमेदवारच ‘व्हिप’ ठरतो

विशेष प्रतिनिधी

लोकसभेत एखादा साधा कपातप्रस्ताव मतास टाकला जाणार असला, तरी पक्षप्रतोद आपल्या सदस्यांवर व्हिप बजावतात आणि तो झुगारणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते. देशाच्या सर्वोच्च घटनात्मक पदावरील व्यक्ती निवडताना मात्र हे शस्त्र कोणत्याही पक्षाच्या हाती उरत नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील मतदान गुप्त असते. त्यासाठी राजकीय पक्षांना व्हिप काढता येत नाही आणि पक्षांतरबंदीच्या तरतुदीही या मतदानास लागू होत नाहीत, असे निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. साहजिकच कागदावरचे बहुमत आणि मतपेटीतून निघणारे बहुमत यांत अंतर पडू शकते. ते किती पडेल आणि कोणाच्या लाभाचे ठरेल, हे प्रामुख्याने उमेदवाराच्या निवडीवर अवलंबून राहिले आहे. आपले घर एकत्र राखणारा आणि जमल्यास प्रतिपक्षाच्या घरात मतभेद निर्माण करणारा उमेदवार ज्याला सापडतो, त्याचा विजय मतदानापूर्वीच जवळपास निश्चित होतो. १९६९ ते २०२२ या काळातील लढती याची साक्ष देतात.

मतांचे गणित

राज्यघटनेच्या ५४ व्या कलमानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून राष्ट्रपतींची निवड करतात. दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांच्या सदस्यांनाही हा हक्क आहे. राष्ट्रपतिनियुक्त खासदार आणि विधान परिषदांचे सदस्य यांना मतदान करता येत नाही.

आमदाराच्या मताचे मूल्य त्या राज्याच्या लोकसंख्येवरून काढले जाते. लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या भागाकारास पुन्हा एक हजाराने भागायचे, अशी ही रीत आहे. त्यासाठी १९७१ च्या जनगणनेचे आकडे धरले जातात. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हीच व्यवस्था राहील, अशी घटनेत तरतूद आहे. या हिशेबाने उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८, महाराष्ट्रातील आमदाराचे १७५, तर सिक्कीममधील आमदाराचे अवघे ७ भरते. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांच्या मतांचे एकत्रित मूल्य ५०,४०० होते. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज खासदारांच्या संख्येने भागून खासदाराच्या मताचे मूल्य ठरते. २०१७ मध्ये ते ७०८ होते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने ते ७०० वर आले.

मतदार पसंतीक्रम नोंदवितो. पहिल्या पसंतीच्या वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते कोणासही मिळाली नाहीत, तर तळाचे उमेदवार क्रमाने बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली जाते. प्रत्यक्षात ही पाळी आजवर एकदाच आली. ती १९६९ ची निवडणूक होय.

बहुमत घटले, पण पक्ष एकसंध

त्याआधीच्या, म्हणजे १९६७ च्या निवडणुकीकडे प्रथम पाहणे आवश्यक आहे. त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे लोकसभेतील बळ २८३ वर घसरले होते आणि अनेक राज्यांतील सत्ता हातून गेली होती. राष्ट्रपतिपदाच्या लढतीत सत्ताधारी पक्षाला प्रथमच खरे आव्हान मिळण्याची चिन्हे होती. विरोधकांनी उमेदवारही तोलामोलाचा दिला. के. सुब्बा राव हे सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन रिंगणात उतरले. काँग्रेसने तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांना उमेदवारी दिली. पक्षाची मते एकत्र राहिली आणि हुसेन १,०७,२७३ मतमूल्याच्या आघाडीने विजयी झाले.

अवघ्या दोन वर्षांनी त्याच पक्षाचा, त्याच संसदेतला अधिकृत उमेदवार पराभूत झाला. या दोन वर्षांत विरोधकांचे संख्याबळ काही फार वाढले नव्हते. फरक पडला तो काँग्रेसच्या अंतर्गत ऐक्यात.

बंगळूरची बैठक

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये त्या वेळी पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखला जाणारा ज्येष्ठ नेत्यांचा गट यांच्यात सत्तासंघर्ष पेटला होता. जुलैमध्ये बंगळूर येथे पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. सिंडिकेटने लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. कामराज, मोरारजी देसाई आणि मुंबईचे स. का. पाटील रेड्डी यांच्या बाजूचे होतेच. यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डी यांच्याच बाजूने कौल दिला. फक्रुद्दीन अली अहमद पंतप्रधानांबरोबर राहिले. पंतप्रधानांचा उमेदवार पंतप्रधानांच्याच पक्षाने नाकारला.

यानंतरच्या घटना विलक्षण वेगाने घडल्या. मोरारजींकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी गिरी यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. ते अपक्ष म्हणून निवडणुकीस उभे राहिले. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर इंदिरा गांधी यांचीच स्वाक्षरी होती. तथापि, पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी रेड्डी यांच्यासाठी व्हिप काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा संसदीय पक्षाच्या नेत्या या नात्याने त्यांनी तो मानला नाही. सदस्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करावे, असे आवाहन त्यांनी केले. त्याचा अर्थ न समजण्याइतके कोणी अजाण नव्हते.

चिंतामणरावांची मते

या लढतीत तिसरा महत्त्वाचा उमेदवार मराठी होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी उभे केले होते. देशमुख निवडून येतील अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. परंतु लढत अटीतटीची झाल्यास त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती निर्णायक ठरेल, हे निजलिंगप्पा यांनी ओळखले. त्यांनी त्या पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली. गणित म्हणून ही चाल बिनचूक होती, पण राजकारण म्हणून ती अंगाशी आली. काँग्रेसाध्यक्ष उजव्या पक्षांशी हातमिळवणी करतात, हा आरोप इंदिरा गटाच्या हाती आयताच सापडला. रेड्डींविरुद्ध मत देऊ इच्छिणाऱ्या काँग्रेसजनांना त्यामुळे वैचारिक कारणही मिळाले. गिरी यांच्यामागे कम्युनिस्ट, द्रमुक आदी पक्ष आधीच उभे होते.

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ मतांचा कोटा आवश्यक होता. पुढील पसंतीची मते मोजल्यावर रेड्डी यांच्या पारड्यात ९१,८७९ मतांची भर पडली आणि गिरी यांना जेमतेम १८,५६२ मते मिळाली. अंतिम आकडे होते गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर अवघे १४,६५० मतांचे.

या आकड्यांतच त्या निवडणुकीचे सार आहे. निजलिंगप्पा यांनी बाहेरून मागितलेली मते मोठ्या प्रमाणात आली. गेली ती घरची मते. बाहेरची बेरीज साधण्याच्या प्रयत्नात आतली वजाबाकी वाढली आणि अधिकृत उमेदवार पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि काँग्रेस दुभंगली. बंगळूरला रेड्डी यांना साथ देणारे यशवंतराव फुटीनंतर मात्र इंदिरा गांधी यांच्या पक्षात राहिले. रेड्डी यांना आठ वर्षांनी न्याय मिळाला. जनता पक्षाच्या राजवटीत, १९७७ मध्ये, ते राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले. हा मान आजवर अन्य कोणास लाभलेला नाही.

सहमतीचे उमेदवार

१९६९ चा धडा सर्वच पक्षांनी घेतला. काँग्रेसचे संख्याबळ भक्कम असताना फक्रुद्दीन अली अहमद, झैलसिंग, आर. वेंकटरमण यांच्या निवडी विनासायास झाल्या. आघाड्यांचे युग आल्यावर मात्र उमेदवार निवडण्याची कला पुन्हा महत्त्वाची ठरली. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्यामागे संयुक्त आघाडी, काँग्रेस आणि भाजप असे सारेच उभे राहिले. माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांना शिवसेनेचा पाठिंबा मिळाला, पण त्यांची मजल ५०,६३१ मतांपुढे गेली नाही.

२००२ मध्ये वाजपेयी सरकारची पहिली पसंती महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांना होती. काँग्रेसने ते नाव स्वीकारले नाही. मग डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आले आणि चित्रच पालटले. क्षेपणास्त्र कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचलेल्या या शास्त्रज्ञास विरोध करणे काँग्रेसला आणि समाजवादी पक्षाला अवघड होते. दोघांनीही पाठिंबा दिला. डावे पक्ष तेवढे वेगळे राहिले आणि त्यांनी आझाद हिंद सेनेतील कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले. सरकार पक्षाने एका नावात स्वतःची आघाडी सांधली आणि विरोधकांत दुफळी पाडली.

‘मराठी राष्ट्रपती’ आणि युतीची कसोटी

२००७ मध्ये तीच खेळी काँग्रेसने भाजपवर उलटविली. डाव्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार उभे होते. त्यामुळे डाव्यांची संमती अनिवार्य होती. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांच्या नावाला त्यांनी ती दिली नाही. अन्य नावांचीही चर्चा झाली. अखेर १४ जून रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. १९६२ मध्ये जळगावमधून विधानसभेवर निवडून आलेल्या, राज्यात मंत्रिपद, राज्यसभेचे उपसभापतिपद आणि अमरावतीची खासदारकी भूषविलेल्या प्रतिभाताईंचे नाव तोवर चर्चेत फारसे नव्हते.

या निवडीचा एक परिणाम दिल्लीत, तर दुसरा मुंबईत झाला. पहिल्या महिला राष्ट्रपतीस विरोध करणे कोणालाच सोयीचे नव्हते, डाव्यांना तर नव्हतेच. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेला ४७ वर्षे झाली होती, आणि तोवर एकही मराठी व्यक्ती राष्ट्रपतिभवनात पोहोचली नव्हती. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला. भाजपने पुरस्कृत केलेले अपक्ष उमेदवार, तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना त्यांच्याच आघाडीतील जुन्या मित्रपक्षाची मते मिळाली नाहीत. सर्वपक्षीय स्नेहसंबंध असलेल्या शेखावत यांची सारी भिस्त विवेकबुद्धीच्या मतांवर होती. तिसऱ्या आघाडीने तटस्थ राहण्याचे ठरविले, पण अण्णाद्रमुकच्या सदस्यांनी ऐनवेळी मतदान केले. तरीही प्रतिभाताई ३,०६,८१० मतांच्या आघाडीने विजयी झाल्या. व्यक्तिगत आरोप-प्रत्यारोपांनी गाजलेल्या त्या प्रचाराचा निकालावर फारसा परिणाम झाला नाही.

शिवसेनेच्या भूमिकेचा आलेख या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९९७, २००७, २०१२ आणि २०२२ अशा चार निवडणुकांत तिचे मत त्या त्या वेळच्या मित्रपक्षाच्या मताहून वेगळे पडले. व्हिप नसलेल्या या निवडणुकीत युती किंवा आघाडी न मोडताही वेगळेपण दाखविता येते, हे ओळखणाऱ्या पक्षांत शिवसेनेचे स्थान वरचे आहे.

दुसऱ्याच्या घरातील भेग

२०१२ मध्ये प्रणव मुखर्जी यांचे नाव काँग्रेसकडून जाहीर होण्यापूर्वीच ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावे सुचवून खळबळ उडवून दिली. दोनच दिवसांत मुलायमसिंह मुखर्जी यांच्या बाजूला आले आणि मतदान तोंडावर आले असता ममतांनीही माघार घेतली. भाजपने पी. ए. संगमा यांना पाठिंबा दिला, पण शिवसेना आणि संयुक्त जनता दल हे मित्रपक्ष मुखर्जी यांच्याकडे गेले. डाव्या पक्षांतही एकमत राहिले नाही. माकपने मुखर्जी यांना पाठिंबा दिला आणि भाकप तटस्थ राहिला. संगमा हे राष्ट्रवादी काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते, पण उमेदवारीपायी त्यांना तो पक्ष सोडावा लागला. कर्नाटकात भाजपचे सरकार होते. तिथेही मुखर्जी यांना संगमा यांच्याहून अधिक आमदारांची मते मिळाली. चार दशके सर्व पक्षांशी संवाद राखणाऱ्या नेत्याची उमेदवारी प्रतिपक्षाची तटबंदी कशी भेदते, याचे हे उदाहरण.

२०१७ मध्ये भाजपने बिहारचे तत्कालीन राज्यपाल रामनाथ कोविंद यांची निवड केली. बिहारमध्ये राजद आणि काँग्रेसबरोबर सत्तेत असलेल्या नितीशकुमार यांनी त्यांना पाठिंबा दिला. काँग्रेसने मीरा कुमार यांना उभे केले. उमेदवार दलित, बिहारच्या कन्या, माजी लोकसभाध्यक्ष आणि १९६९ मध्ये ज्यांचे नाव डावलले गेले त्या जगजीवनराम यांच्या कन्या. तरीही नितीशकुमार बधले नाहीत. २० जुलै रोजी निकाल लागला आणि २६ जुलै रोजी त्यांनी महाआघाडी सोडली. आघाडीतील भेग प्रथम दिसली ती राष्ट्रपतिपदाच्या निमित्ताने.

२०२२ मध्ये विरोधी पक्षांची सुरुवातच अडखळत झाली. शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी यांनी एकामागून एक नकार दिला. २१ जून रोजी यशवंत सिन्हा यांचे नाव ठरले आणि त्याच दिवशी भाजपने द्रौपदी मुर्मू यांना उमेदवारी जाहीर केली. संथाळ समाजातील, झारखंडचे राज्यपालपद भूषविलेल्या मुर्मू यांच्या नावाने विरोधकांतील अनेकांची पंचाईत झाली. झारखंडमध्ये काँग्रेसबरोबर सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाने त्यांनाच पाठिंबा दिला. भाजपने आधी विश्वासात घेतले असते, तर मुर्मू सर्वसहमतीच्या उमेदवार होऊ शकल्या असत्या, अशा आशयाचे उद्गार खुद्द ममता बॅनर्जी यांनी काढले. महाराष्ट्रात तर त्याच दिवसांत शिवसेनेत फूट पडून महाविकास आघाडीचे सरकार कोसळले. एकमेकांवर तुटून पडणारे शिंदे आणि ठाकरे हे दोन्ही गट मुर्मू यांच्या नावावर मात्र एकाच बाजूस दिसले. केरळ विधानसभेत भाजपचा एकही आमदार नसताना तेथूनही मुर्मू यांना एक मत पडले. ते कोणाचे, हे गुप्त मतदानामुळे उघड झाले नाही.

विजयानंतरची पाच वर्षे

या साऱ्या लढतींतून काही सूत्रे स्पष्ट होतात. उमेदवार ठरविताना पक्षातील प्रमुख नेत्यालाच अल्पमतात टाकले, तर संख्याबळाचा उपयोग होत नाही. पराभव दिसत असलेला पक्ष विवेकबुद्धीला आवाहन करतो, पण नेतृत्वातच फूट असल्याखेरीज ते आवाहन निकाल फिरवीत नाही. आणि भाषा, प्रांत, समाज किंवा लोकप्रियता यांपैकी प्रतिपक्षास नाकारता न येणारे एखादे कारण उमेदवारापाशी असेल, तर व्हिपची गरजच भासत नाही.

तथापि, या गणिताला एक मर्यादा आहे. मते जुळविण्यासाठी निवडलेली व्यक्ती पुढे पाच वर्षे राष्ट्रपतिभवनात असते आणि तेथील काही क्षण असे येतात की तेव्हा पक्षाचे गणित कामास येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांनी स्वाक्षरी केली. बंगळूरच्या बैठकीत इंदिरा गांधी यांच्या बाजूने उभे राहिलेले ते हेच नेते. याउलट, सर्वसहमतीने आलेल्या नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस १९९७ मध्ये फेरविचारासाठी परत पाठविली. कलाम यांनीही २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक संसदेकडे परत धाडले. एकाच पक्षाच्या निष्ठेवर निवडून आलेला राष्ट्रपती आणि अनेक पक्षांच्या संमतीने आलेला राष्ट्रपती यांच्या वागण्यात नेहमीच असा फरक पडतो, असे नाही. पण उमेदवार ठरविताना केवळ ‘कोण निवडून येईल’ एवढेच पाहिले आणि ‘कोण नकार देऊ शकेल’ हे पाहिले नाही, तर त्याची किंमत उमेदवार देणाऱ्या पक्षापेक्षा देशालाच अधिक मोजावी लागते.

दृष्टिक्षेपात ठळक लढती (मतमूल्य)

१९५२ : डॉ. राजेंद्र प्रसाद ५,०७,४००, के. टी. शहा ९२,८२७
१९६७ : डॉ. झाकीर हुसेन ४,७१,२४४, के. सुब्बा राव ३,६३,९७१
१९६९ : व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७, नीलम संजीव रेड्डी ४,०५,४२७ (दुसऱ्या पसंतीनंतर)
१९७७ : नीलम संजीव रेड्डी, बिनविरोध
१९९७ : के. आर. नारायणन ९,५६,२९०, टी. एन. शेषन ५०,६३१
२००२ : डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ९,२२,८८४. लक्ष्मी सहगल १,०७,३६६
२००७ : प्रतिभा पाटील ६,३८,११६; भैरोसिंह शेखावत ३,३१,३०६
२०१२ : प्रणव मुखर्जी ७,१३,७६३, पी. ए. संगमा ३,१५,९८७
२०१७ : रामनाथ कोविंद ७,०२,०४४, मीरा कुमार ३,६७,३१४
२०२२ : द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३, यशवंत सिन्हा ३,८०,१७७